अशी नव्हती हो ती

माझे वडील रोज सकाळी पूजा आटोपली की दासबोधातला एक समास वाचायचे. मोठ्याने, एका लयीत. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. बाकीचे समास कानावरून जायचे, पण दुसऱ्या दशकाचा पहिला समास आला की मी दप्तर बाजूला ठेवून बसायचे. तो मूर्खलक्षणांचा समास. ओवीच्या शेवटी ‘तो येक मूर्ख’ आलं की मी एक बोट मिटायचे. उगाच हसणारा मूर्ख. दोघं बोलत असताना मध्येच जाऊन बसणारा मूर्ख. मी दोन्ही करायचे. समास संपेपर्यंत दोन्ही हातांची बोटं मिटलेली असायची आणि मला रडू फुटायचं. वडील पोथी कपाळाला लावून म्हणायचे, “अगं, ही सगळ्यांत थोडी थोडी असतात. तुझ्यात आहेत, माझ्यात आहेत. पुढे तीन गुणांचे समास येतात, तेही तसेच. नुसत्या सत्त्वगुणाचा माणूस कुणी पाहिलाय?”

पुढे मी मानसशास्त्र शिकले आणि साताऱ्यातल्याच एका महाविद्यालयात शिकवू लागले. त्याला आता 19 वर्षं झाली. वडिलांचं ते बोलणं मी वर्गात कितीदा तरी सांगितलं असेल. ज्या वर्षी ते मला स्वतःला आठवायला हवं होतं, त्या वर्षी मात्र आठवलं नाही.

आपल्या भाषेत ‘लक्षण’ हा शब्द दोन घरी नांदतो. डॉक्टर म्हणतात, ही काविळीची लक्षणं. आजी म्हणते, काय ही पोराची लक्षणं! एका घरी आजाराची खूण, दुसऱ्या घरी माणसाची सवय, वळण, खोड. ‘लक्षण काही बरं दिसत नाही’ हे आभाळाकडे बघून म्हणता येतं, तापाने फणफणलेल्या लेकराकडे बघून म्हणता येतं आणि रात्री उशिरा घरी येणाऱ्या मुलाबद्दलही म्हणता येतं. वर्गात मी फळ्याच्या मधोमध एक रेघ मारते. डावीकडे स्वभावाचे गुणविशेष, उजवीकडे आजाराची लक्षणं. मुलं रेघेसकट सगळं वहीत उतरवून घेतात. परीक्षेला तसंच लिहितात आणि मार्क मिळवतात. पण घराघरांतल्या मराठीला ती रेघ ठाऊक नाही, आणि इतक्या वर्षांनी मला वाटतं की त्या मराठीचंच जास्त बरोबर आहे.

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून गाव, घर असे काही तपशील मी बदलले आहेत. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याला संशोधनासाठी मुलांच्या व्यक्तिमत्त्वाची माहिती हवी होती. मानसशास्त्रातलं निम्मं ज्ञान असंच जमलेलं आहे. प्राध्यापकांच्या हाताशी विद्यार्थी असतात, म्हणून जगभर विद्यार्थ्यांनाच प्रश्न विचारले जातात. आम्ही बी.ए. भाग तीनच्या 41 मुलांना तीन प्रश्नावल्या दिल्या. पहिली स्वमग्नतेकडे, म्हणजे ऑटिझमकडे, झुकणारा स्वभाव मोजणारी. सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या केंब्रिजच्या सहकाऱ्यांनी ती 2001 साली आणली, तीत 50 विधानं. दुसरी एड्रियन रेन यांची 1991 सालची, 74 प्रश्नांची. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमांचा गंभीर मनोविकार. त्याची दूरची सावली म्हणावी अशा स्वभावाचा ती माग घेते. विचित्र वाटणाऱ्या श्रद्धा, संशय, विस्कळीत बोलणं, माणसांत न मिसळणं असे नऊ भाग तिच्यात आहेत. तिसरी 1986 सालची, 48 विधानांची. उत्साहाचं उधाण, कमी झोप, एकाच वेळी दहा कामं अंगावर घेणं अशा स्वभावाची. एकूण 172 वाक्यं. जुलै महिना, बाहेर पाऊस कोसळत होता, अजिंक्यतारा दोन दिवस ढगांतून बाहेर आला नव्हता. वर्गात दिवे लावून मुलं खाली मान घालून खुणा करत होती.

भाषांतर आमचं आम्हीच केलं होतं. आज मी ते करणार नाही. एखादं वाक्य दुसऱ्या भाषेत नेलं की त्याचं वजन बदलतं. ते तपासून घ्यायची रीत आहे. एकाने मराठीत आणायचं, दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत नेऊन बघायचं, आधी थोड्या मुलांना देऊन बघायचं, आकड्यांचा विश्वासार्हपणा पाहायचा. आम्हाला घाई होती. प्रत्येक कागदाच्या तळाशी आम्ही चार ओळींची मोकळी जागा ठेवली होती. वर छापलं होतं, ‘स्वतःबद्दल काही सांगावंसं वाटलं तर’. आणि मी मुलांना सांगितलं होतं, “हे कागद आम्ही फक्त आकड्यांसाठी वापरणार. कुणाचं काय आलं ते कुणी बघणार नाही.”

आकडे काढायला बसलो तेव्हा जे दिसलं ते पुस्तकात आधीच होतं, पण ओळखीच्या रोल नंबरांपुढे ते बघताना वेगळं वाटलं. पहिल्या प्रश्नावलीत ज्यांचे गुण वर होते, त्यांतले बरेच जण दुसरीतही वर होते. यात गूढ काही नाही. जवळचे मित्र आहेत का, चार माणसांत अवघडायला होतं का, चेहऱ्यावर भावना उमटतात का, अशा आशयाचे प्रश्न दोन्हीकडे आहेत. एकाच गोष्टीला दोन वेगळ्या नावांनी हाक मारली तर तोच माणूस दोनदा ओ देणार. विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांमध्ये हा सारखेपणा जगभर पुन्हा पुन्हा आढळला आहे, आणि तो मुख्यतः याच भागात, माणसांत मिसळण्या-न मिसळण्याच्या भागात, आढळतो.

या गुंत्याला मोठा इतिहास आहे. 1899 साली एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी मोठे मनोविकार दोन ओळींत बसवले. एका ओळीत पुढे ज्याला स्किझोफ्रेनिया म्हटलं गेलं तो, दुसरीत टोकाचा उत्साह आणि टोकाची उदासी यांचा, म्हणजे उन्माद-अवसादाचा, ज्यात आजचा द्विध्रुवी विकारही येतो. अजूनही पुस्तकांची प्रकरणं साधारण याच ओळींत लागतात. पण खुद्द क्रेपेलिन यांनीच 1920 साली कबूल केलं की कित्येक रुग्णांमध्ये या दोहोंतला भेद समाधानकारकपणे करता येत नाही. ऑटिझम हा शब्द तर ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी 1911 च्या ग्रंथात स्किझोफ्रेनियाचंच एक लक्षण म्हणून वापरला होता. माणूस बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आतल्या जगात राहायला जातो, या अर्थाने. पुढे 1943 साली लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन केलं तेव्हा तो शब्द वेगळ्या वाटेला लागला, आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात 1980 साली त्याला स्वतंत्र घर मिळालं. म्हणजे आपण आज जे वेगळे डबे म्हणून शिकवतो, ते एकाच घरातून वाटणी होऊन निघालेले भाऊ आहेत. 2013 साली 33 हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्वमग्नता, अतिचंचलता (एडीएचडी), द्विध्रुवी विकार, नैराश्य आणि स्किझोफ्रेनिया या पाचांत काही जनुकीय धोका सामाईक असल्याचं दिसलं. वाटणी झाली तरी विहीर सामाईक राहते, तसं.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी चुकले, आणि एकाच वर्गात दोनदा चुकले.

पहिला मुलगा माण तालुक्यातला. दुष्काळी गाव, दोन एकर जिराईत. कमवा-शिका योजनेत पहाटे बागेला पाणी घालायचा आणि पहिल्या तासाला पहिल्या बाकावर हजर असायचा. प्रश्न विचारला की त्याचा हात वर. त्याचे दुसऱ्या प्रश्नावलीतले गुण वर्गात सगळ्यांत जास्त आले. विचित्र श्रद्धांच्या भागात तर जवळजवळ सगळीकडे ‘हो’. कुणीतरी जवळ असल्याचं जाणवतं का? हो. काही खुणा तुमच्यासाठीच असतात असं वाटतं का? हो. माणसाच्या नजरेत ताकद असते का? हो.

मी घाबरले. पुस्तकांनी मला घाबरायला शिकवलं होतं, कारण स्किझोफ्रेनिया बहुतेकदा याच वयात, ऐन कॉलेजच्या वर्षांत डोकं वर काढतो. मोठ्या पाहणीतून पुढे आलेला एक आकडा मी मुलांना नेहमी सांगते : ज्यांना आयुष्यात कधीतरी मनोविकार होतो, त्यांच्यातल्या तीन चतुर्थांश लोकांचा तो 24 व्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो. ते डोक्यात ठेवून मी त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं आणि विचारलं, “तुला आवाज ऐकू येतात का रे?” तो माझ्याकडे बघतच राहिला. मी आणखी चार प्रश्न विचारले. त्याची उत्तरं तुटक होत गेली आणि मला त्या तुटकपणातही लक्षण दिसलं. दुसऱ्या दिवशी त्याला गावातल्या एका ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले.

डॉक्टर त्याच्याशी अर्धा तास बोलले. मग मला आत बोलावून म्हणाले, “मॅडम, मुलगा ठणठणीत आहे. घरात देवीचं आहे, आईच्या अंगात येतं. हा लहानपणापासून त्यात वाढलाय. झोप चांगली, भूक चांगली, मित्र आहेत, अभ्यास करतोय, पुढे काय करायचं ते ठरवलंय. तुम्ही त्याला इकडे कशावरून आणलंत?”

मी कागदावरून आणलं होतं. मांढरदेवला पौषात लोटणारी गर्दी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दृष्ट काढताना जळणाऱ्या मिरच्यांचा वास आमच्या घरातही असायचा. ‘बाहेरचं’, ‘लागीर’, ‘कौल’ हे शब्द ज्या मुलाच्या घरात मिठासारखे वापरले जातात, त्याने त्या प्रश्नांना ‘नाही’ म्हणायचं तरी कसं? विस्कॉन्सिनमध्ये लॉरेन आणि जीन चॅपमन या पती-पत्नींनी 1970 नंतरच्या दशकात असेच प्रश्न विद्यार्थ्यांसाठी तयार केले. त्यांनी एक फार मोलाचं काम केलं, ते म्हणजे वाट पाहिली. वर गुण आलेली आणि तुलनेसाठी घेतलेली इतर मुलं 10 वर्षांनी शोधून काढली, पाचशेहून अधिक जणांना पुन्हा भेटले आणि 1994 साली निष्कर्ष छापला. वर गुण आलेल्या मुलांच्या गटात पुढे गंभीर आजार इतरांपेक्षा जास्त आढळले, हे खरं. पण त्यातल्या बहुसंख्य मुलांना तो आजार झालाच नाही, हेही तितकंच खरं. वर आलेले गुण एवढंच सांगतात की या गटावर जरा लक्ष असू द्या. समोर बसलेल्या एका मुलाचं काय होणार, हे ते सांगत नाहीत. हे मी वर्गात शिकवलं होतं, त्याच मुलाला, त्याच बाकावर.

डॉक्टरांकडून परत येताना पोवई नाक्यावर तो थांबला. म्हणाला, “मॅडम, तुम्ही सांगितलं होतं, हे पेपर कुणी बघणार नाही म्हणून.” मी काहीतरी बोलले. काळजीपोटी, वगैरे. तो म्हणाला, “आमच्यात आईच्या अंगात येतं. त्यात येडं काय हाय?” आणि चालत पुढे गेला. वर्षभर तो वर्गात आला, पण मागच्या बाकावर. त्याचा हात पुन्हा वर गेला नाही.

(अंगात येण्याबद्दल माझं मत काय, असं कुणी विचारेल. साताऱ्यातच जन्मलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे आणि देवऋष्यांच्या नादाने रुग्णांची किती वाताहत होते ते मी जवळून पाहिलं आहे. पण एखादी समजूत चुकीची असणं आणि माणूस आजारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर वाद घालता येतो. दुसरीचा शिक्का मारायला फार मोठा आधार लागतो.)

दुसरी मुलगी कोरेगावकडची. रोज एसटीने यायची. खिडकीजवळचा शेवटचा बाक, ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलेलं, नजर बाहेर. तिचे गुण पहिल्या प्रश्नावलीत वर होते, दुसरीतही माणसांशी संबंधित भागात वर होते. मी तिच्या कागदावर पेन्सिलने ‘अंतर्मुख’ असं लिहिलं आणि गठ्ठ्यात ठेवून दिला. स्टाफरूममध्ये कुणीतरी तिचा विषय काढला तेव्हा मी म्हणाले, “फार शांत मुलगी आहे. काही त्रास नाही तिचा.” आम्हा शिक्षकांचं हे आवडतं वाक्य आहे. ज्या मुलाचा आपल्याला त्रास नाही, त्याला स्वतःला त्रास असेल हे आमच्या मनात येत नाही. मुलगी असली तर त्याहून नाही. शांतपणा हा मुलीच्या बाबतीत सद्गुणांच्या यादीत असतो, तिथे लक्षण म्हणून कोण बघणार?

फेब्रुवारीत ती यायची बंद झाली. मार्चच्या सुरुवातीला तिची आई कॉलेजात आली, परीक्षेला बसवलं नाही तर चालेल का ते विचारायला. कार्यालयातून तिला माझ्याकडे पाठवलं. पदराने तोंड पुसत ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “अशी नव्हती हो ती.”

मग ती सांगत राहिली. “बारावीपर्यंत घर डोक्यावर घ्यायची. भांडी घासताना गाणी म्हणायची. शेजारणी म्हणायच्या, तुमची पोरगी रेडिओ आहे. गेल्या उन्हाळ्यापासून बोलणं कमी झालं. दिवाळीपासून जेवण कमी झालं. रात्री उठून बघावं तर डोळे उघडे. केस विंचरायचं पण जीवावर येतं. धाकटीला म्हणाली, जगून तरी काय करू. दोन ठिकाणी बघून आणलं. अंगारा दिला, काही फरक नाही.”

त्या दिवशी दुपारीच आम्ही तिला जिल्हा रुग्णालयात नेलं. तीव्र नैराश्य, डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. पहिले तीन-चार आठवडे काहीच घडत नाही असं घरच्यांना वाटलं आणि ते सोडून देण्याच्या बेतात होते. या गोळ्यांना वेळ लागतो, हे त्यांना कुणीतरी बसून सांगणं गरजेचं होतं. मी दर चार दिवसांनी फोन करत राहिले. तिचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तिने परीक्षा दिली.

आईचं ते एक वाक्य आमच्या 172 वाक्यांत कुठेच नव्हतं. प्रश्नावली विचारते, तू कसा आहेस. आई सांगते, ती कशी होती आणि कधीपासून बदलली. ‘कधीपासून’ हा शब्द मी तेव्हापासून सोडलेला नाही. पाच मुलं एका बाकावर गप्प बसली आहेत असं समजा. कागदावर पाचांचे गुण सारखेच येतील. पहिल्याला चार माणसांत जावंसं वाटतं, पण आपण काहीतरी चुकीचं बोलू, सगळे बघतील या भीतीने तो थिजतो. त्याला विचारलं तर तो सांगेल की मनातून फार यायचं असतं. दुसऱ्याला माणसांची भीती नाही, ओढही नाही. तो एकटाच बरा असतो आणि पूर्वीपासून तसाच आहे. तिसऱ्याला माणसं हवी असतात, पण त्यांची भाषा, त्यांचे डोळ्यांचे इशारे, बोलण्यातल्या रिकाम्या जागा त्याला कळत नाहीत. बालवाडीत असल्यापासून त्याला हे कळलेलं नाही. चौथी परवापर्यंत बोलत होती. आता तिला कशातच गोडी वाटत नाही, ना माणसांत, ना गाण्यात, ना जेवणात. आणि पाचव्याच्या डोक्यात गेल्या सहा महिन्यांपासून काहीतरी शिजतं आहे. शेजारचे आपल्याबद्दलच कुजबुजतात असं त्याला वाटतं, त्याचे मार्क घसरलेत, अंघोळ राहते, म्हणून तो सावध होऊन गप्प आहे. पाचांना पाच वेगळ्या गोष्टींची गरज आहे. दुसऱ्याला तर कसलीच नाही, त्याला त्याच्या एकटेपणात सुखाने राहू द्यायला हवं.

आणि एवढं सरळ कुठे असतं! तिसऱ्या मुलाला लोकांच्या हसण्याचा इतका अनुभव येतो की पहिल्याची भीती त्यालाही जडते. स्वमग्न तरुणांमध्ये चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतं. दुसऱ्यालाही एखाद्या वर्षी खरंखुरं नैराश्य येऊ शकतं. मग सगळे म्हणतात, तो तसाच आहे पहिल्यापासून, आणि त्याच्या आजाराला स्वभावाच्या पांघरुणाखाली जागा मिळते. मला सगळ्यांत जास्त काळजी अशा मुलांची वाटते. ज्याचा स्वभावच आजारासारखा दिसतो, त्याचा आजार ओळखायला सगळ्यांत उशीर होतो. त्याच्या बाबतीत ‘अशी नव्हती ती’ म्हणायला घरात कुणी नसतं. तिथे आणखी बारीक विचारावं लागतं. बाबा रे, तू एकटा असतोस तेव्हा पूर्वी काय करायचास, आणि आता काय करतोस? वाचायचास? मग वाचणं कधी सुटलं?

तिसऱ्या प्रश्नावलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीत वर आलेला मुलगा गॅदरिंगचा सेक्रेटरी होता, रात्री तीन-चार तास झोपायचा, एका दमात दहा योजना सांगायचा. त्या स्वभावातून पुढे काहींना द्विध्रुवी विकार होतो, हे खरं आहे. त्याला झाला नाही. तो आज दुकान चालवतो आणि अजूनही कमीच झोपतो.

आताच्या मुलांची अडचण वेगळी आहे. ती वर्गात येण्याआधीच स्वतःला नावं देऊन आलेली असतात. ‘मॅडम, मी ओसीडी आहे.’ ‘मॅडम, मला एडीएचडी आहे, रीलमध्ये सांगितलेली सातही लक्षणं जुळतात.’ सात जुळणारच. माझी तर सगळी बोटं मिटायची. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकताना प्रत्येक आजार आपल्याला झालाय असं वाटतं, हा अनुभव जुना आहे. मनोविकारांचं प्रकरण शिकवायला घेतलं की माझ्या वर्गातही दर वर्षी दोन-तीन जण तास संपल्यावर थांबतात. मी त्यांना खोटं ठरवत नाही. नाव चुकीचं असेल, पण काहीतरी टोचतंय म्हणून तर ते नाव शोधायला गेले. मी आधी नाव बाजूला ठेवायला सांगते आणि तीन गोष्टी विचारते. हे कधीपासून आहे. यामुळे तुझं काय थांबलंय, म्हणजे झोप, जेवण, अभ्यास, मित्र. आणि हे असणं तुला स्वतःला जड होतंय, की दुसऱ्यांना? तिसऱ्या प्रश्नावर कित्येक मुलं थोडा वेळ गप्प होतात. “घरचे म्हणतात मी विचित्र आहे,” एक मुलगी म्हणाली होती. “मला तर बरं वाटतं मी अशी आहे ते.” तिला मी काहीही केलं नाही, ग्रंथालयाचं कार्ड तेवढं वाढवून दिलं. ज्याचं काही थांबलंय त्याला मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवते, त्याला विचारून, त्याला हवं असेल तर सोबत जाऊन. सूचनाफलकावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पावसाने शाई ओघळते, मी पुन्हा लिहिते.

कोरेगावची ती मुलगी लग्न होऊन आता पुण्याला असते. दोन वर्षांपूर्वी भेटायला आली होती, पेढे घेऊन. बोलता बोलता म्हणाली, “मॅडम, तुम्ही मला शांत म्हणायचात ना, तेव्हा बरं पण वाटायचं आणि राग पण यायचा. वाटायचं, ह्यांना तरी कळायला पाहिजे होतं. मानसशास्त्र शिकवतात.” मी तिचा हात धरून बसले. म्हणण्यासारखं काही नव्हतं. माणच्या मुलाचा पत्ता मला ठाऊक नाही. मुलांकडून कळलं की तो पोलीस भरतीची तयारी करत होता, पुढचं कळलं नाही.

गेल्या मे महिन्यात विभाग वरच्या मजल्यावर हलवला. कपाटं रिकामी करताना तो गठ्ठा सापडला, सुतळीने बांधलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. ते कागद तेव्हाच नष्ट करायला हवे होते. तसं मुलांना सांगितलंही होतं. फाडण्याआधी मी खाली जमिनीवर बसले आणि पहिल्यांदाच प्रत्येक कागदाच्या तळाशी असलेल्या चार मोकळ्या ओळी वाचल्या. आठ वर्षांपूर्वी त्या आकड्यांत धरायच्या नव्हत्या, म्हणून आम्ही कुणीच वाचल्या नव्हत्या. बहुतेक ठिकाणी कोरं होतं. कुणी ‘धन्यवाद’ लिहिलं होतं, कुणी क्रिकेटपटूचं नाव.

त्याच्या कागदावर, बारीक, नीटस अक्षरात होतं : ‘घरात देवीचं आहे म्हणून वरच्या काही प्रश्नांना हो लिहिलं आहे. मला स्वतःला काही त्रास नाही. मला मानसशास्त्रात एम.ए. करायचं आहे.’

तिचा कागद खाली होता, माझ्या पेन्सिलीतल्या ‘अंतर्मुख’सकट. चारपैकी एकच ओळ भरलेली होती. ‘पहिल्या वर्षाला गॅदरिंगमध्ये मी गाणं म्हटलं होतं.’